विलायतेची वाट आणि पोयबावडीची चूल

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पदव्या आपल्या वस्तीतल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-ॲट-लॉ. जयंतीच्या व्यासपीठावर वक्त्याने ही यादी म्हणायला सुरुवात केली की टाळ्या पडतात आणि पडायलाच हव्यात. परंतु या सगळ्या पदव्या एका ओळीत छापल्या जातात, त्यामुळे त्या एका दमात मिळाल्या असाव्यात असा आपला समज होतो. प्रत्यक्षात तसे घडलेले नाही. बाबासाहेब पहिल्यांदा परदेशी निघाले ते १९१३ साली, आणि कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी. त्यांना रीतसर प्रदान झाली ती ८ जून १९२७ रोजी. मध्ये चौदा वर्षे गेली. या चौदा वर्षांत ‘जावे की राहावे’ हा प्रश्न त्यांच्यापुढे एकदा नाही, चार वेळा उभा राहिला.

आज हाच प्रश्न आपल्या घराघरांत येऊ लागला आहे. एम.ए., एम.एस्सी. झालेली आपली मुले-मुली विहाराच्या अभ्यासिकेत बसून विचारतात, पीएच.डी. इथेच करावी की बाहेर जाऊन करावी? आईबापांचा प्रश्न वेगळा असतो. चार-पाच वर्षे पोरगं कमावणार नाही, मग घर कसे चालायचे? मुलगी असेल तर नातेवाईक लग्नाचे विचारतात. अशा वेळी ‘बाबासाहेब गेले, तूही जा’ एवढे सांगून आम्ही मोकळे होतो. पण बाबासाहेब कसे गेले, काय मोजून गेले, कधी अर्ध्यावर परतले आणि पुन्हा कसे गेले, हे सांगितल्याशिवाय तो उपदेश पोकळ राहतो. म्हणून या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत हा इतिहास थोडा उलगडून मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

पहिला प्रसंग : १९१३

एल्फिन्स्टन कॉलेजात बाबासाहेब शिकले ते बडोद्याच्या श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांच्या दरमहा २५ रुपयांच्या शिष्यवृत्तीवर. ती मिळवून देण्यासाठी खटपट केली होती गुरुवर्य कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी. याच केळुसकर गुरुजींनी मॅट्रिक झालेल्या भीमरावाला स्वतः लिहिलेले भगवान बुद्धाचे चरित्र भेट दिले होते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहेच. बी.ए. झाल्यावर १९१३ च्या जानेवारीत बाबासाहेब बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. थोडेच दिवस झाले नाहीत तोच वडील आजारी असल्याची तार आली. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजी सकपाळ गेले.

आता घरची स्थिती पाहा. कर्ता पुरुष गेलेला. बाबासाहेबांचे वय बावीसच्या आत. रमाईंच्या मांडीवर यशवंत, अवघा काही महिन्यांचा. कोणत्याही चार शहाण्या माणसांनी सल्ला दिला असता की बाबा रे, आता नोकरी धर आणि घर सांभाळ. आणि तो सल्ला चुकीचा आहे असे कुणालाही म्हणता आले नसते. अशा वेळी महाराजांनी काही विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस पाठविण्याचे ठरविले. ४ जून १९१३ रोजी बडोद्यात करारावर सही झाली. शिष्यवृत्ती तीन वर्षांची, महिन्याला साडेअकरा पौंड. अट अशी की नेमून दिलेल्या विषयांचाच अभ्यास करायचा आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करायची.

म्हणजे पहिला निर्णय हा केवळ ज्ञानाच्या ओढीचा नव्हता, तो एक करारही होता. तीन वर्षांच्या विद्येसाठी पुढची दहा वर्षे लिहून दिली होती. त्यातली साडेअकरा पौंडांची रक्कमही पुरती स्वतःवर खर्च करता येत नव्हती, कारण तीतूनच घरी पैसे पाठवायचे होते. न्यूयॉर्कसारख्या महागड्या शहरात पोटाला चिमटा घेऊन राहणे म्हणजे काय, हे ज्याने हॉस्टेलवर मनीऑर्डरची वाट पाहिली आहे त्याला समजावून सांगायला नको.

या तीन वर्षांचे बाबासाहेबांनी काय केले? कोलंबिया विद्यापीठात त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची मोजदाद उपलब्ध आहे. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय फ्रेंच आणि जर्मन भाषांचा प्रत्येकी एक. सेलिग्मन, जॉन ड्यूई, गोल्डनवायझर अशा प्राध्यापकांपुढे ते बसले. १९१५ साली एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवरचा आपला निबंध वाचला. जातीच्या मुळाशी जातीतल्या जातीतच लग्न करण्याचा नियम आहे, हे त्यांनी तिथे मांडले. हा निबंध मे १९१७ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. त्याच १९१६ साली पीएच.डी.चा प्रबंधही विद्यापीठाला सादर झाला.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लाला लजपतराय त्या काळात अमेरिकेत होते आणि त्यांच्या चळवळीत येण्याचा आग्रह बाबासाहेबांना झाला. बाबासाहेबांनी त्या वेळी तिकडे वळण्याचे नाकारले. घेतलेला अभ्यास आधी पुरा करायचा, हा त्यांचा निश्चय होता. चळवळ करायची नव्हती असे नाही, पुढे त्यांनी केवढी चळवळ केली हे जगाने पाहिले. पण कोणत्या वेळी काय करायचे, याचा हिशेब त्यांच्यापाशी पक्का होता.

दुसरा आणि तिसरा प्रसंग : १९१६ आणि १९१७

शिष्यवृत्तीची तीन वर्षे १९१६ च्या जूनमध्ये संपत आली. एम.ए. झाले होते, पीएच.डी.चा प्रबंध सादर झाला होता. आता घरी परतायला काय हरकत होती? पण अर्थशास्त्रात लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे नाव मोठे होते आणि बॅरिस्टरीचाही विचार मनात होता. बाबासाहेब न्यूयॉर्कहून थेट लंडनला गेले. बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये आणि अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूलमध्ये त्यांनी नाव घातले. मुदतवाढ मिळेल या भरवशावर हे पाऊल होते. ती मिळाली, पण थोडीच. वर्षभरात बडोद्याहून कळविण्यात आले की शिष्यवृत्ती संपली, परत या.

आता करायचे काय? जवळ पैसा नाही, पहिले महायुद्ध पेटलेले, आणि लंडनचा अभ्यास नुकता कुठे सुरू झालेला. बाबासाहेबांनी परतण्याचा निर्णय घेतला. पण निघण्याआधी एक काम त्यांनी केले, ज्याकडे आपल्या विद्यार्थ्यांनी खास लक्ष द्यावे. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालविण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून मिळविली. दार बंद होत होते, पण त्यांनी त्याला कडी लागू दिली नाही.

परतीच्या प्रवासात वेगळ्या बोटीने पाठविलेले त्यांचे सामान पाणतीराच्या हल्ल्यात बुडाले, त्यात पुस्तकेही गेली. २१ ऑगस्ट १९१७ रोजी ते मुंबईस उतरले. सामानाच्या विम्याचे सहाशे रुपये मिळाले आणि त्यातून बडोद्यास जाण्याची सोय झाली. पुढे बडोद्यात काय घडले ते आम्ही इथे विस्ताराने सांगत नाही. कोलंबियाचा एम.ए. असलेल्या अधिकाऱ्याला शिपाई लांबून कागद फेकत होते. राहायला कुणी जागा देत नव्हते. पारशी पथिकाश्रमातून त्यांना काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले. काही दिवसांतच ते मुंबईला परतले.

विदेशी विद्येने माणसाची किंमत वाढते, असे आपण समजतो. न्यूयॉर्कमध्ये ती वाढली होतीही. पण बडोद्याच्या स्टेशनवर उतरताच जातीने ती पुन्हा शून्यावर आणून ठेवली. ‘शिकून तरी काय उपयोग’ असे म्हणायला याहून मोठे कारण कोणते असू शकेल? आज आपल्यातला एखादा मुलगा मुलाखतीच्या खोलीतून मान खाली घालून बाहेर येतो, संशोधनाला मार्गदर्शक मिळत नाही म्हणून हिंडतो, तेव्हा त्याच्या मनात हेच येते. बाबासाहेबांच्या मनातही ते आले नसेल असे आम्ही म्हणणार नाही. पण त्यांनी पुढची वाट धरली ती उलट दिशेची.

चौथा प्रसंग : १९२०

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात बाबासाहेब अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार महिना ४५० रुपये. त्या काळात आपल्या समाजातल्या माणसाने साहेबी पोषाखात वर्गात उभे राहून सवर्ण मुलांना शिकविणे, ही एकट्याच्या आयुष्याला पुरेशी मजल होती. प्रतिष्ठेची नोकरी होती, पगार नियमित होता, बायकापोरांजवळ राहणे होते. एवढ्यावर थांबले असते तरी समाजाने त्यांना डोक्यावर घेतले असते.

परंतु बाबासाहेबांच्या लेखी ही नोकरी म्हणजे लंडनच्या तिकिटाची तरतूद होती. परवानगीची चार वर्षे १९२१ च्या ऑक्टोबरात संपणार होती. पगारातून काटकसर करून त्यांनी चार पैसे गाठीला बांधले. मार्च १९२० मध्ये नोकरी सोडली. त्याच वर्षी ३१ जानेवारीला ‘मूकनायक’ सुरू झाला होता आणि मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत छत्रपती शाहू महाराजांनी अस्पृश्यांना त्यांचा पुढारी दाखवून दिला होता. म्हणजे इकडे पुढारीपण दारी आले होते आणि हा माणूस विद्यार्थी होण्यासाठी बोटीवर चढत होता! जुलै १९२० मध्ये ते लंडनला निघाले. स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि कोलंबियातले मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजार रुपये कर्ज, एवढी शिदोरी.

या वेळी करार कोणाशी नव्हता, शिष्यवृत्ती नव्हती, वय तिशीकडे झुकलेले. लंडनमध्ये सकाळी ग्रंथालयाचे दार उघडण्याआधी जाऊन उभे राहायचे, बंद होताना बाहेर पडायचे, आणि रात्री भूक लागली की पापडाच्या तुकड्यांवर भागवायचे, असा तो काळ होता. जून १९२१ मध्ये एम.एस्सी. झाली. १९२२ साली बॅरिस्टरी पदरात पडली. जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातही नाव नोंदविले, पण तो बेत पुढे गेला नाही. ऑक्टोबर १९२२ मध्ये त्यांनी डी.एस्सी.साठी ‘दि प्रॉब्लेम ऑफ दि रुपी’ हा प्रबंध सादर केला. इंग्रज सरकारच्या चलनधोरणावर त्यात कडक टीका होती. परीक्षकांना ती झोंबली आणि प्रबंध पुन्हा लिहिण्यास सांगण्यात आले. तोवर पैसा संपला होता. एप्रिल १९२३ मध्ये बाबासाहेब पदवीविनाच मुंबईला परतले. इथे बसून त्यांनी प्रबंध सुधारला, पण आपले निष्कर्ष बदलले नाहीत, आणि तो लंडनला पाठविला. त्याच वर्षी डी.एस्सी. मिळाली. प्रबंध पुस्तकरूपाने निघाला तेव्हा त्याला प्रस्तावना त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी लिहिली. आपल्याला लेखकाची बरीच मते मान्य नाहीत, असे त्यांनी त्या प्रस्तावनेत मोकळेपणाने सांगितले आहे. मतभेद असूनही विद्यार्थ्याच्या पाठीशी उभा राहणारा गुरू मिळणे, हीसुद्धा परदेशी जाण्याची एक कमाई होती.

कोलंबियाची पीएच.डी. मात्र अजून अडूनच होती. तिथे छापील ग्रंथाच्या प्रती दिल्याशिवाय पदवी देत नसत आणि ग्रंथ छापायला पैसा लागतो. १९२५ साली लंडनच्या पी. एस. किंग आणि कंपनीने त्यांचा ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा ग्रंथ काढला आणि १९२७ च्या जूनमध्ये पदवी आली. २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतलेले, २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन व्हायचे होते, आणि या दोहोंच्या मधोमध ही पदवी. पदवी आधी आणि काम नंतर, असा सरळ क्रम बाबासाहेबांच्या आयुष्यात नाही. दोन्ही हातात हात घालून चालली आहेत.

हिशेबाची दुसरी बाजू

इथवरची कथा बाबासाहेबांच्या बाजूने झाली. पण या निर्णयाची किंमत एकट्याने दिली नाही. परळच्या पोयबावडीत बी.आय.टी. चाळीच्या खोल्यांत रमाईंनी हा संसार ओढला. गोवऱ्या थापून चूल पेटती ठेवल्याची हकीकत आपल्या आयाबाया पिढ्यान् पिढ्या सांगत आल्या आहेत. यशवंत सोडून चारही मुले लहानपणीच गेली. साहेब विलायतेत आणि इथे तापाने फणफणलेले लेकरू मांडीवर, याला आम्ही ‘त्याग’ हा एक शब्द लावतो आणि पुढे जातो. तो शब्द अपुरा आहे.

बाबासाहेबांनी मात्र हिशेब चुकता ठेवला. त्यांच्या ग्रंथांच्या अर्पणपत्रिका पाहा. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा ग्रंथ सयाजीराव महाराजांना अर्पण केला आहे. रुपयावरचा ग्रंथ आई-वडिलांच्या स्मृतीला, आपल्या शिक्षणासाठी त्यांनी सोसलेल्या कष्टांची आठवण ठेवून. आणि रमाई १९३५ साली गेल्यानंतर पाकिस्तानच्या प्रश्नावरचा ग्रंथ त्यांनी आपल्या ‘रामू’च्या स्मृतीला वाहिला. कुणाचे किती देणे आहे, हे त्यांनी ग्रंथाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले.

प्रश्न इथला, अभ्यास तिथला

बौद्ध परंपरेत विद्येसाठी परदेशी जाणे नवे नाही. इ.स. ६२९ च्या सुमारास ह्युएनत्संग चीनमधून निघाला तेव्हा बाहेर जायला बादशहाची मनाई होती. स्वतःच्या देशात मिळालेल्या ग्रंथांत त्याला शंकांचे उत्तर सापडत नव्हते, म्हणून तो नालंदेपर्यंत आला, आचार्य शीलभद्रांपाशी शिकला आणि ६४५ साली ६५७ ग्रंथ घेऊन परतला. उरलेले आयुष्य भाषांतरात घालविले. तो प्रश्न घेऊन गेला आणि उत्तर घेऊन घरी आला. बाबासाहेबांचेही तसेच. जात, रुपया, प्रांतांचा महसूल, हे सगळे प्रश्न इथले होते. न्यूयॉर्क-लंडनने त्यांना ग्रंथालये दिली, गुरू दिले, आणि जातीचा डोळा चुकवून मोकळा श्वास घ्यायला जागा दिली.

म्हणूनच एका गोष्टीची नोंद या स्मरणिकेत व्हायला हवी. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना २९ ऑक्टोबर १९४२ च्या निवेदनात बाबासाहेबांनी आपल्या मुलांच्या परदेशी शिक्षणासाठी सरकारी तरतूद मागितली होती. स्वतंत्र भारतात १९५४-५५ पासून केंद्र सरकारची परदेश शिष्यवृत्ती सुरू झाली. महाराष्ट्र शासनाने २००३ पासून राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने अशीच योजना चालू केली. आपली कितीतरी मुले या वाटेने गेली. परंतु फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राच्या शिष्यवृत्तीच्या नियमांत असे आले की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास या विषयांसाठी ती मिळणार नाही. आम्ही एवढेच विचारतो की १९१६ सालच्या त्या जातिसंस्थेच्या निबंधाचा विषय या चाळणीतून पार झाला असता काय?

तेव्हा, आमच्या तरुण मित्रांनो आणि भगिनींनो, आम्ही कुणाला ‘जा’ म्हणत नाही, ‘राहा’ही म्हणत नाही. इथे राहून उत्तम संशोधन करणारे आपल्यात आहेत. पण निर्णय घ्याल तेव्हा चार गोष्टी कागदावर मांडा. तुमचा प्रश्न कोणता? पैसा कुणाचा आणि त्याची अट काय? मागे घर कोण चालविणार, आणि त्या माणसाला तुम्ही विचारले आहे काय? अर्ध्यावर यावे लागले तर परतीचे दार उघडे राहील अशी लेखी व्यवस्था काय? या चारही प्रश्नांची पुरी उत्तरे बाबासाहेबांजवळ प्रत्येक वेळी नव्हती. पण जे अपुरे राहिले ते त्यांनी पाच वर्षांनी, दहा वर्षांनी का होईना, पुरे केले. अर्ध्यावर परतलेल्याला आपल्या वस्तीत ‘फुकट गेला’ म्हणण्याची खोड आहे. ती आपण सोडली पाहिजे. १९१७ साली आणि १९२३ साली बाबासाहेबही हातात ती पदवी नसताना बोटीतून उतरले होते.

आणि उरलेल्या आम्हा सर्वांसाठी एक सूचना. मुलगा किंवा मुलगी परदेशी निघाली की आपण शाल, पुष्पगुच्छ आणि फोटो एवढे करतो. त्याऐवजी विहाराच्या दानातून दरमहा थोडी रक्कम बाजूला काढावी. जाणाऱ्याच्या अर्जाची फी आणि तिकीट त्यातून व्हावे. मागे राहिलेल्या आईबापांच्या औषधपाण्याकडे महिला मंडळाने आणि समितीने आळीपाळीने लक्ष द्यावे. रमाईंच्या वाट्याला जे एकटीने सोसणे आले, ते पुढच्या कोणाच्याही वाट्याला एकटीने येऊ नये, एवढे आपल्या हातात आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!